विमानं निर्दोष आहेत!

देवनहळ्ळीत घरातलं वायफाय अडखळलं की पहिला संशय डोक्यावरून गेलेल्या विमानाचा येणं साहजिक आहे. २००८ पासून बेंगळुरूचा विमानतळ इथे आहे, आवाज सतत कानावर असतो. पण विमानांवर लक्ष ठेवणारं दुय्यम रडार १०३० मेगाहर्ट्‌झवर विचारणा करतं आणि विमान १०९० वर उत्तर देतं. आपलं वायफाय चालतं २४०० च्या नाहीतर ५००० च्या पुढच्या पट्ट्यात. त्यांची गाठच पडत नाही!

खरा आरोपी अनेकदा स्वयंपाकघरात सापडतो. मायक्रोवेव्ह २४५० मेगाहर्ट्‌झच्या आसपास अन्न तापवतो, म्हणजे २.४ गिगाहर्ट्‌झ वायफायच्या अगदी मधोमध. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीत १९९८ पासून अधूनमधून गूढ लहरींची नोंद होत होती. २०१५ मध्ये छडा लागला: मायक्रोवेव्ह पूर्ण थांबायच्या आत कुणीतरी त्याचं दार उघडत होतं. दुर्बीण फसते, तिथे राउटरची काय कथा! टीव्ही आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्‌झवर टाका, हा त्रास संपला.

पण ५ गिगाहर्ट्‌झवरही एक गंमत आहे. तिथे ५२ ते १४४ क्रमांकांचे चॅनल वायफायला रडारशी वाटून घ्यावे लागतात. काही हवामान रडारं ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्‌झवर चालतात. रडारसारखा स्पंद ऐकू आला की राउटर तो चॅनल सोडतो. पुढचा चॅनलही याच टापूतला असेल, तर आधी निदान मिनिटभर नुसता कान देऊन बसतो. कधी कधी रडार नसतानाही त्याला भास होतो. ५ गिगाहर्ट्‌झचं नाव यादीतून मिनिटभर गायब होऊन परत येत असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो’ काढा आणि ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतला चॅनल पक्का करा. फुकटातला उपाय आहे.

विमानतळाचा खरा परिणाम होतो तो ५जीवर. विमान जमिनीपासून किती उंच आहे हे सांगणारा रेडिओ अल्टिमीटर ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्‌झवर चालतो. त्याला धक्का लागू नये म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने कंपन्यांना बजावलं, की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या आत ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्‌झचे ५जी टॉवर नकोत. जिओ एअरफायबर सप्टेंबर २०२३ मध्ये ज्या पहिल्या आठ शहरांत आलं, त्यांत बेंगळुरू होतं. पण असं हवेतून येणारं कनेक्शन घेताना धावपट्टी जवळ असेल, तर आधी गच्चीत जाऊन मोबाइलवर ५जीचा वेग तपासा, मगच पैसे भरा. आणि फायबर फाटकापर्यंत आलं असेल, तर विचारच नको. फायबर घ्या.

‘बंद करून चालू करा’ या सल्ल्याला लोक हसतात. पण २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ बद्दल हाच आदेश काढला होता! सलग २४८ दिवस वीज चालू राहिली, तर जनित्र नियंत्रकातला सॉफ्टवेअरचा मोजणीचा आकडा मावेनासा होऊन विमानाचा वीजपुरवठा जाऊ शकत होता. राउटरच्या मेमरीतही जुन्या नोंदींचा गाळ साचतो, आणि रीस्टार्टने तो निघतो. मात्र फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल, तर रीस्टार्टचा उपयोग नाही. प्रकाशच पोचत नाही. कुठेतरी तार तुटली, वाकली किंवा निसटली आहे. रस्त्याकडेला खोदकाम चालू आहे का बघा आणि सरळ तक्रार नोंदवा.

प्लॅन ३०० एमबीपीएसचा, पण केबल लावूनही वेग ९४-९५ वरच अडकतो? कंपनीला फोन करण्याआधी लॅन केबल बदला. १००० एमबीपीएससाठी केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० साठी चारच पुरतात. एखादी तार तुटली की जोडणी बऱ्याचदा गुपचूप १०० वर उतरते. याच जातीचा आणखी एक चकवा: वायरलेस माउस अडखळतो आणि आपण सेल बदलत बसतो. शेजारच्या पोर्टात यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क असेल, तर तिचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झवरच पसरतो. माउसचा डोंगल दुसऱ्या बाजूला लावून बघा.

नाशिकला सुट्टीत गेल्यावर देवनहळ्ळीतल्या घराचा कॅमेरा दिसत नाही? राउटरचा बाहेरचा आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुमचा पत्ता इतर ग्राहकांबरोबर वाटलेला आहे. पोर्ट फॉरवर्डिंगवर रात्र घालवू नका. आयपीव्ही६ वापरा किंवा स्थिर आयपी मागा.

आता राउटरच्या जागेचं. १९८१ मध्ये इस्रोने ‘अ‍ॅपल’ उपग्रह बेंगळुरूत चक्क बैलगाडीवर ठेवून तपासला. कारण शास्त्रीय होतं: भोवती धातू असला की अँटेनाची चाचणी बिघडते, आणि लाकडी गाडीत तो धोका नव्हता. लोखंडी कपाटात किंवा टीव्हीच्या मागे कोंबलेल्या राउटरचंही तेच होतं.

काँक्रीटचे स्लॅब ५ गिगाहर्ट्‌झला फारच जड जातात. तीन मजली घरात तळमजल्यावरच्या एका राउटरने भागत नाही, आणि मजल्यामजल्यावर वायफाय पोचवणारे मेशचे डबेसुद्धा केबलने जोडले तरच पूर्ण वेग देतात. तेव्हा देवनहळ्ळीत प्लॉट घेऊन घर बांधत असाल, तर प्लास्टर होण्याआधी इलेक्ट्रिशियनला सांगून प्रत्येक मजल्यावर नेटवर्कसाठी वेगळा पाइप टाकून घ्या, विजेच्या वायरींपासून अंतर ठेवून. आत कॅट-६ केबल आज ओढा, नाहीतर पुढे कधीतरी. पाइप मात्र आत्ताच हवा.