दोर किती सावकाश बुडावा?

ब्रिस्टल शहराला पाणी पुरवणारा चू व्हॅली तलाव १९५६ साली राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते खुला झाला. विस्तार सुमारे १,२०० एकर, सरासरी खोली मात्र चार मीटरांच्या आसपास. ट्राउटसाठी गळ टाकणाऱ्यांचं हे आवडतं पाणी. इथल्या तळाच्या चिखलात बझर नावाच्या चिलटांच्या अळ्या वाढतात. कोशात गेल्यावर ती सावकाश वर येऊ लागतात आणि ट्राउट त्यांना वाटेतच गाठतो.

नदीतला ट्राउट एका जागी थांबून प्रवाहाने आणलेला घास घेतो. तलावात त्याला घास शोधत फिरावं लागतं, आणि तो फिरतो विशिष्ट थरात: कधी पृष्ठभागाखाली हातभर, कधी दोन मीटरांवर. ऊन, वारा, पाण्याचं तापमान बदललं की थरही बदलतो. दोर निवडायचा तो या थरासाठी.

फ्लाय म्हणजे गळावर पिसं आणि धागा बांधून केलेला कीटक. तिला वजन जवळपास नसतंच. फेकीला लागणारं वजन दोरात असतं. वेष्टनावरचा नंबर हे वजन सांगतो. ७ नंबरच्या दोराचे पहिले ३० फूट १८५ ग्रेन, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम भरतात. बुडण्याचा वेग वेगळा दिलेला असतो. आवरणाच्या प्लॅस्टिकमध्ये काचेचे सूक्ष्म पोकळ मणी मिसळले की दोर तरंगतो, टंगस्टनची भुकटी मिसळली की झपाट्याने बुडतो. या दोहोंमधला, पाण्याहून जेमतेम जड, तो इंटरमीडिएट. सेकंदाला साधारण अडीच ते पाच सेंटिमीटर उतरणारा.

वारा सुटला की वरचं पाणी तरंगत्या दोराला बाक आणतं आणि फ्लाय भलतीकडे ओढली जाते. इंटरमीडिएट या ओढीखाली उतरतो. तरंगता दोर खेचताना फ्लाय वर चढत राहते. बुडालेल्या दोरामागे ती बराच वेळ एकाच थरात चालते. जलद बुडणारा दोर उथळ पाण्यात सावकाश ओढला, तर तळाच्या वनस्पतींत अडकतो.

खोली मोजायला आकडे पुरतात. सेकंदाला चार सेंटिमीटर धरले तर पंचवीस सेकंदांत एक मीटर. दोर पाण्यावर पडताच मोजायला लागावं: आधी दहापर्यंत, पुढच्या फेकीला वीस, मग तीस. गळाला हिरवी काडी लागून आली की झाडोऱ्याचा माथा कळला. पुढच्या वेळी पाच आकडे आधीच ओढायला सुरुवात करावी. मासा ज्या आकड्यावर लागला, तोच धरून ठेवावा. दोर बोटांत आठच्या आकड्यासारखा गुंडाळत हळूहळू घ्यावा आणि काठी उचलण्यापूर्वी थोडं थांबावं. मागोमाग आलेला ट्राउट पुष्कळदा तेव्हाच फ्लाय घेतो.

खोल जलाशयात, भर उन्हाळ्यात मासा तळाकडे गेला की जलद बुडणारा दोर हवाच. पण ट्राउट वरच्या दोन मीटरांत चरत असेल, तर फ्लाय त्याच्यासमोर जास्तीत जास्त वेळ राहणं महत्त्वाचं. म्हणून तरंगत्या दोरानंतर दुसरा घ्यायचा असेल, तर इंटरमीडिएटच घ्यावा.