भातानंतरचं अलिबाग

कोकणातली शेती म्हणजे पावसाळ्यातला भात, असं मानणाऱ्यांनी जानेवारीत अलिबाग तालुक्यातल्या कार्ले, खंडाळे, वाडगाव, नेहुली या गावांत जावं. पावसाळ्यात जिथे भात होता, तिथे आता वाल शेंगांवर आलेला असतो आणि पांढरा कांदा गड्डा धरत असतो. जमिनीचे तुकडे लहान, समुद्र जवळ. तरी ही शेती पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती पिकांच्या क्रमामुळे. इथे प्रत्येक पीक पुढच्यासाठी काहीतरी मागे ठेवतं.

या किनाऱ्यावर वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. खाचरात पाणी साचतं, तेव्हा भाजीला जागा बांधावर आणि मांडवावर: बांधावर भेंडी, घरामागे शिराळी, घोसाळी, पडवळ, काकडी. बांधावर गिरिपुष्प लावलं असेल तर त्याचा कोवळा पाला चिखलणीत गाडता येतो. राब भाजण्याच्या जुन्या पद्धतीत पालापाचोळ्यातलं बरंचसं नत्र धुरावाटे निघून जातं. गाडलेला पाला ते मातीला देतो.

भात कापला की घाई सुरू होते ती वालाची. जमिनीत ओल आहे तोवर बी पडायला हवं, कारण वालाला वेगळं पाणी द्यायचं नसतं. पावसाने मागे ठेवलेल्या ओलीवर तो वाढतो, दवावर तग धरतो आणि मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंच्या मदतीने हवेतलं नत्र जमिनीत आणतो. शेंगा भरल्या की भांबुर्डीचा पाला घालून मडक्यात पोपटी लागते. उरलेला वाल वाळवून वर्षभराच्या बिरड्यासाठी ठेवतात. फेरपालट सांभाळणारा शेतकरी यंदा वाल घेतलेल्या खाचरात पुढच्या हंगामात कांदा लावतो.

पांढरा कांदा मात्र माणसाचे हात मागतो. आधी रोप तयार करायचं, मग एकेक रोप वाफ्यात लावायचं, हलकं पाणी द्यायचं. काढणीनंतर पातीसकट वेण्या विणून माळा होतात. तिखटपणा कमी आणि चव गोडसर, म्हणून कच्चा खाणाऱ्यांचा तो लाडका. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. २०१९ मध्ये कृषी विभाग आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने भौगोलिक मानांकनासाठी अर्ज केला आणि पुढे ते मिळालं.

पण या कांद्याचा खरा आधार आहे बियाणं. कांद्याचं बी साधारण वर्षभरातच उगवणशक्ती गमावू लागतं. धान्यासारखं ते कणगीत राखून ठेवता येत नाही. चांगले गड्डे निवडायचे, पुढच्या हंगामात पुन्हा लावायचे, त्यांना गोंडे येऊ द्यायचे आणि मग बी घ्यायचं. मधमाशा परागीभवन करतात, म्हणून जवळपास लाल कांदा फुलला की वाणाची शुद्धता जाते. एखाद्या गावाने दोन-तीन वर्षं बी धरलं नाही, तर तिथला वाण संपू शकतो. मानांकनाचा कागद तो परत आणू शकणार नाही.

पाण्याचंही तसंच. सच्छिद्र किनारी जमिनीत गोडं पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ हिशेब असा की गोड्या पाण्याची पातळी १ मीटर उतरली, तर खालचं खारं पाणी सुमारे ४० मीटर वर सरकू शकतं. म्हणून किनाऱ्यालगतच्या विहिरीवर मोठा पंप बसवणं हा शेजाऱ्याच्या वाफ्याशीही व्यवहार ठरतो. पेंढ्याचं आच्छादन, बेताचं पाणी आणि ओलीवरचा वाल यांमुळे उपसा कमी राहतो, विहीर गोडी राहते.

आज या जमिनींना बंगल्यांचा भाव आला आहे, आणि तो कांद्याच्या कोणत्याही दराला हरवतो. विकणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे, पण अन्यायाचं. त्याच्या श्रमाला मोल मिळावं, एवढं तरी आपल्या हातात आहे. वडखळच्या रस्त्यावर माळ घेताना ती कोणत्या गावची हे विचारावं, रास्त भाव द्यावा. गावोगावच्या बीज राखणाऱ्यांना शासनाने दरवर्षी निश्चित मोबदला द्यावा. ही शेती दरवर्षी नव्याने करावी लागते, म्हणून तिला आधारही दरवर्षी मिळायला हवा.