एका भुंगेऱ्याचं बारसं



मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक होती. बसायला अंथरावं म्हणून कोपऱ्यातलं पोतं उचललं, तर खालून एक काळा किडा तुरुतुरु पळाला. एका काकूंनी चप्पल उचलली आणि त्याला तिथंच चिरडला. म्हणाल्या, “हुमणीचा भुंगेरा दिसतोय. सोडायचा नाही.” मी म्हटलं, “काकू, हा हुमणीचा नाही.” त्यावर त्यांनी विचारलं, “मग कुठला? नाव सांग.” मला नाव सांगता आलं नाही. म्हणून आज याच किड्याविषयी बोलायचं ठरवलं.

आधी ओळख करून घेऊ. हुमणीचा भुंगेरा जाडजूड आणि गोलसर असतो, चालायला मंद. वळवाचा पहिला पाऊस पडला की संध्याकाळी जमिनीतून निघतो आणि कडुनिंबावर, बाभळीवर जाऊन पाला खातो. त्याच्या मिशांची टोकं पंख्यासारखी असतात. त्याची अळी ऊस, भुईमूग यांची मुळं खाते. म्हणून रात्री फांद्या हलवून आपण तो गोळा करतो आणि रॉकेलच्या पाण्यात टाकतो. ते बरोबरच आहे.

पोत्याखालचा किडा वेगळा. अंग चपटं, पाय लांब, मिशा दोऱ्यासारख्या बारीक, जबडा पुढं आलेला. दिवसा दगडाखाली, पालापाचोळ्याखाली बसतो आणि रात्री जमिनीवर पळत शिकार करतो. उडण्यापेक्षा पळण्यावरच त्याचा भर. हे जमिनीवरचे भुंगेरे अळ्या खातात, किड्यांची अंडी खातात, मावा खातात. काही जाती गोगलगायी खातात, तर काही तणाचं बी. म्हणजे हा आपला बिनपगारी राखणदार. जगात त्याच्या सुमारे ४० हजार जाती नोंदलेल्या आहेत आणि अजूनही नव्या सापडतात.

आता नवी जात सापडते म्हणजे काय होतं? अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातली एक खरी गोष्ट सांगते. तिथं जेरी ब्राउन नावाचे गृहस्थ दोन वेळा राज्यपाल होते. तिकडं राज्यपाल म्हणजे लोकांनी निवडून दिलेला, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. पद सोडल्यावर ते आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅन आपल्या मोठ्या रानात राहायला गेले. बर्कलेच्या विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ किपलिंग विल यांनी त्यांची परवानगी घेऊन तिथले भुंगेरे गोळा केले. २०२१ च्या जुलैमध्ये ओढ्याच्या काठी त्यांना एक भुंगेरा मिळाला. जेमतेम पाच मिलिमीटरचा, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा. नुसत्या डोळ्यांनी तपकिरी दिसणारा, पण भिंगाखाली हिरवी-सोनेरी झाक मारणारा. तो नेहमीच्या भुंगेऱ्यांसारखा नाही, हे त्यांच्या नजरेनं टिपलं.

आपल्याला वाटेल, झालं, नवा किडा सापडला. पण खरं काम पुढंच असतं. आपल्याला नवा वाटला तरी दुसऱ्या कुणी शंभर वर्षांपूर्वी त्याचं नाव ठेवलेलं असू शकतं. म्हणून आधी जुने कागद आणि संग्रहालयातले नमुने काढून ताडून बघायचे. भिंगाखाली पाठीवरच्या रेघा, खड्डे, केस मोजायचे, पाठीचा आकार बघायचा, नराच्या जननेंद्रियाची घडण तपासायची. दिसायला सारख्या असलेल्या दोन जाती कित्येकदा तिथंच वेगळ्या पडतात. डेव्हिड मॅडिसन या दुसऱ्या शास्त्रज्ञांनी याची डीएनए तपासणीही केली. तेव्हा खात्री पटली की ही जात कुणीच नोंदलेली नाही.

यानंतर एक नमुना निवडतात. तो त्या जातीचा प्रमाण नमुना. तराजूची खात्री करायला शिक्क्याचं वजन लागतं ना, तसा हा. पुढं कुणाला शंका आली तर आपला किडा या नमुन्याशी ताडून बघायचा. तो संग्रहालयात कायमचा जपतात. मग किडा दिसतो कसा, मिळाला कुठं, इतर जातींपेक्षा वेगळा कसा, हे सगळं चित्रांसह लिहून छापतात. छापून आल्याशिवाय नाव ग्राह्य धरत नाहीत. या भुंगेऱ्याचं बारसं असं २०२३ साली झालं.

नाव ठेवलं ‘बेम्बिडियन ब्राउनोरम’. पहिला शब्द घराण्याचा, दुसरा त्या जातीचा स्वतःचा. या नावांचं व्याकरण लॅटिन भाषेचं. एका पुरुषाचं नाव द्यायचं असेल तर शब्दाचा शेवट वेगळा असतो, एका बाईचं असेल तर वेगळा आणि दोघांचं मिळून असेल तर आणखी वेगळा. ‘ब्राउनोरम’ म्हणजे ब्राउन नवरा-बायको दोघांचा. सातबाऱ्यावर दोघांचं नाव लागावं म्हणून आपल्याला किती खेटे घालावे लागतात! इथं किड्याच्या नावात बायकोचाही हिस्सा आला, याचं मला अप्रूप वाटलं.

पण या गोष्टीतली सगळ्यात मोलाची बाब पुढं आहे. नाव नव्हतं, तरी हा भुंगेरा पूर्वी लोकांच्या हाती लागला होता. संग्रहालयांचे खण शोधले तेव्हा त्याचे मोजके जुने नमुने निघाले. पन्नासहून जास्त वर्षांत शास्त्रज्ञांना तो दिसलाच नव्हता. जुन्या नमुन्यांवरून कळलं की पूर्वी तो बऱ्याच मोठ्या भागात होता. त्या भागात आता शहरं वाढली, शेतीही बदलली.

हे कशावरून कळलं? प्रत्येक किड्याच्या टाचणीला नखाएवढी चिठ्ठी होती. कुठं सापडला, कोणत्या तारखेला, कुणी पकडला. एवढंच. पकडणाऱ्याला किड्याचं नाव ठाऊक नव्हतं, तरी त्यानं गाव आणि तारीख लिहून ठेवली. ती चिठ्ठी नसती तर हा किडा कुठून नाहीसा झाला हे कुणालाच कळलं नसतं.

मैत्रिणींनो, हे आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको. कर्ज कुणी घेतलं, कधी घेतलं, हप्ता कधी फेडला, हे इतिवृत्तात नसेल तर पुढं भांडण ठरलेलं. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, असं बँकेचे साहेब म्हणतात. रानातल्या जिवांचंही तसंच आहे.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात रानात एक मोठा काळा भुंगेरा दिसतो, पाठीवर सहा पांढरे ठिपके. पुष्कळ जणींनी पाहिला असेल. हाही जमिनीवर पळणाराच. त्याला हात लावू नका, तो झोंबणारा द्रव उडवतो. मुलांच्या डोळ्यांना जपा. त्याची शास्त्रीय नोंद १७७५ साली फाब्रिसियस नावाच्या डॅनिश पंडितानं केली. नावाचा अर्थच ‘सहा ठिपक्यांचा’. आपल्या रानातल्या किड्याचं बारसं असं युरोपात झालं. आणि पिढ्यान्‌पिढ्या खुरपणी करणाऱ्या आपल्या बायांनी त्याला काय म्हटलं, ते फार कुणी लिहून ठेवलं नाही.

म्हणून एक काम सुचवते. गटाच्या वहीत शेवटची चार पानं किड्यांसाठी ठेवा. संध्याकाळी बांधाजवळ एक रिकामा डबा असा पुरा की त्याचं तोंड जमिनीच्या बरोबरीनं येईल. सकाळी बघा, रात्री कोण कोण पडलं. विंचूही पडू शकतो, म्हणून हात घालू नका, काडीनं बघा. मग वहीत लिहा : तारीख, कुणाचं शेत, कोणतं पीक, किडा दिसायला कसा, आपल्याकडं त्याला काय म्हणतात. फवारणी झाली असेल तर तेही लिहा. जमलं तर मोबाइलवर फोटो काढा आणि किडा सोडून द्या. जवळ कृषी महाविद्यालय किंवा कृषी विज्ञान केंद्र असेल तर ती वही तिथं दाखवा.

आणि बांधावरचा पालापाचोळा सरसकट जाळू नका. तिथंच या राखणदाराचं घर असतं.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं अजून नाही. तो किडा चिरडला गेला. आता त्याचं नाव कुणालाच सांगता येणार नाही. पण पुढच्या बैठकीला त्याच काकूंनी वहीत पहिली नोंद करायला लावली. तारीख आहे, शेत आहे. नावाची जागा रिकामी ठेवली आहे.