एक्स-रेतला काळा ठिपका

खालच्या दाढेच्या एक्स-रेत मुळाशी काळा ठिपका दिसला, की पोटात धस्स होतं. पण भगिनींनो, प्रत्येक ठिपका म्हणजे पू नव्हे! सुळ्यामागच्या लहान दाढांखाली जबड्याला दोन्ही बाजूंना एक नैसर्गिक छिद्र असतं. ओठ-हनुवटीची नस त्यातून बाहेर येते. त्याची जागा प्रत्येकीची थोडी निराळी. कुणाला एकाच बाजूला २ छिद्रंही असतात. ते नेमकं मुळाच्या टोकावर आलं, तर फोटोत गळवासारखं दिसतं.

म्हणून रूट कॅनालला ‘हो’ म्हणण्याआधी डॉक्टरांना विचारा, दाताला थंड लावून पाहिलंत का? जिवंत दाताला गारवा जाणवतो. कोन बदलून दुसरा एक्स-रे काढला, की छिद्राचा ठिपका मुळापासून सरकतो. पुवाचा मुळाला चिकटूनच राहतो. ठणका किंवा सूज असेल, तर मात्र दुखणं अंगावर काढू नका.