पाचशे हात, एक प्रश्नचिन्ह

एका मोठ्या खोलीत ५०० माणसं बसली आहेत. प्रत्येकाच्या खिशात १०० रुपये. दर मिनिटाला घंटा वाजते आणि ज्याच्याकडे पैसे आहेत त्या प्रत्येकाने एक रुपया काढून खोलीतल्या दुसऱ्या कुणाही एकाला द्यायचा. कुणाला, ते चिठ्ठी ठरवणार. इथे ओळखपाळख नाही, हुशारी नाही, उधारी नाही, व्याज नाही. खिसा रिकामा झालाच, तर कुणी रुपया देईपर्यंत गप्प बसायचं. अशी घंटा खूप काळ वाजत राहिली तर शेवटी कुणाकडे किती पैसे असतील?

बहुतेकांचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: सगळ्यांकडे शंभराच्या आसपास, कुणाकडे पाच-दहा जास्त, कुणाकडे तेवढेच कमी. शंभराव्या घंटेपर्यंत हे उत्तर बऱ्यापैकी बरोबरही असतं. त्यानंतर चित्र हळूहळू पालटत जातं. लाखभर घंटांनंतर खोलीतल्या निम्म्या माणसांकडे ७० रुपयांहून कमी उरलेले असतात आणि या निम्म्यांची एकत्रित पुंजी खोलीतल्या एकूण पैशाच्या जेमतेम १५ टक्के भरते. वरच्या ५० जणांच्या हाती साधारण एक तृतीयांश पैसा असतो. सगळ्यात श्रीमंत माणूस सहाशे-सातशेच्या घरात पोचलेला असतो. कुणीही कुणाला फसवलेलं नसतं.

नेटलोगो या संगणक प्रणालीत ५०० माणसं आणि प्रत्येकी १०० डॉलर घेऊन हाच खेळ ‘सिंपल इकॉनॉमी’ नावाने दिलेला आहे. भौतिकशास्त्रज्ञांना यात आश्चर्य वाटत नाही. बंद डब्यातल्या वायूचे रेणू एकमेकांवर आदळतात, ऊर्जा या रेणूकडून त्या रेणूकडे जाते, पण एकूण ऊर्जा तेवढीच राहते. अशा वेळी थोडी ऊर्जा असलेले रेणू पुष्कळ आणि खूप ऊर्जा असलेले मोजके, अशी उतरती वाटणी होते, हे लुडविग बोल्ट्झमन यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातले एड्रियन ड्रॅगुलेस्कू आणि विक्टर याकोवेंको यांनी २००० साली रेणूंच्या जागी माणसं आणि ऊर्जेच्या जागी पैसा ठेवून तेच गणित मांडलं. पुढे त्यांनी अमेरिकेतल्या प्राप्तिकराचे आकडे तपासले. सुमारे ९७ टक्के लोकांचं उत्पन्न याच उतरत्या रेषेवर बसत होतं. वरच्या तीनेक टक्क्यांचं गणित मात्र वेगळं निघालं.

आता हा खेळ संगणकावर खेळायचा कसा? एक लाख घंटा म्हणजे माणसांनी न झोपता ६९ दिवस बसायचं. संगणकासाठी ती ५ कोटी देवघेवी आहेत. पहिल्या माणसाकडे जा, खिसा बघ, चिठ्ठी काढ, रुपया हलव, दुसऱ्याकडे जा, असा सरळधोपट प्रोग्रॅम चालतो खरा. पण आज्ञा एकेक वाचून पाळणाऱ्या भाषेत प्रत्येक देवघेवीमागे चार-पाच आज्ञा पुन्हा पुन्हा उलगडाव्या लागतात आणि बहुतेक वेळ त्या उलगडण्यातच जातो.

ॲरे भाषा हा प्रश्न दुसऱ्या टोकाने धरतात. ॲरे म्हणजे आकड्यांची रांग किंवा तक्ता. या भाषांमध्ये एकटा माणूस नसतोच. ५०० खिशांची रांग ही एकच वस्तू असते आणि आज्ञा दिली की ती अख्ख्या रांगेला लागू होते.

या घराण्याचे मूळ पुरुष म्हणजे कॅनडात जन्मलेले गणिती केनेथ आयव्हर्सन. त्यांची हार्वर्डमधली पीएचडी अर्थव्यवस्थेच्या गणिती प्रतिमानावरच होती. मार्गदर्शकांमध्ये संगणकाचे प्रवर्तक हॉवर्ड एकेन होते आणि पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारे वासिली लिओंटिएफही. एका क्षेत्राचं उत्पादन दुसऱ्या क्षेत्राचा कच्चा माल कसं होतं, याचे लिओंटिएफ यांचे तक्ते प्रसिद्धच आहेत. पुढे हार्वर्डमध्ये शिकवताना रूढ गणिताची चिन्हं तोकडी पडू लागली, म्हणून आयव्हर्सन यांनी स्वतःची चिन्हं घडवली. १९६२ साली ती पुस्तकरूपाने आली आणि पुस्तकाच्या नावावरून भाषेला एपीएल हे नाव पडलं. फळ्यावरची ही लिपी आयबीएमच्या यंत्रांवर प्रत्यक्ष चालू लागली ती १९६६च्या सुमारास. १९७९ साली आयव्हर्सन यांना संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

एपीएलच्या पद्धतीने एक घंटा अशी वाजते. आधी विचारायचं, रांगेतला कोणता आकडा शून्याहून मोठा आहे? उत्तर म्हणून ५०० आकड्यांची दुसरी रांग येते, ‘हो’साठी १ आणि ‘नाही’साठी ०. हे उत्तर स्वतःच आकडा असल्यामुळे ते मूळ रांगेतून सरळ वजा करता येतं. ज्याच्याकडे पैसा आहे त्याचा एक कमी होतो, रिकाम्या खिशातून शून्य वजा होतं. ‘असेल तर’, ‘नसेल तर’ असं कुठे लिहावंच लागत नाही.

मग घेणारे ठरवायचे. स्वतःलाच रुपया देता कामा नये. त्यासाठी माणसं गोलात बसली आहेत असं मानायचं आणि प्रत्येक देणाऱ्यासाठी १ ते ४९९ मधला एक आकडा काढायचा. तेवढी घरं पुढे जो बसलाय तो घेणारा. पाचशेच्या पुढे गेलं तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. शेवटी कुणाच्या नावावर किती रुपये आले ते मोजून रांगेत मिळवायचे. एका घंटेला सहा-सात आज्ञा, मग माणसं ५०० असोत की ५ लाख. आतली मोजणी यंत्राच्या भाषेत, शेजारीशेजारी ठेवलेल्या आकड्यांवरून सरसर होते.

शेवटची पायरी सोपी दिसते, पण घात तिथेच होतो.

पायथन भाषेतलं नम्पाय हे आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ॲरे साधनांपैकी एक. त्यात घेणाऱ्यांची यादी देऊन ‘या सगळ्या जागांवर एक मिळव’ असं सांगितलं, तर एकाच माणसाचं नाव यादीत तीनदा असलं तरी त्याच्या खात्यावर एकच रुपया चढतो. तिघांचे खिसे हलके झालेले असतात आणि दोन रुपये हवेत विरतात. ही नम्पायची चूक म्हणता येत नाही. त्याच्या माहितीपुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. आधी जुन्या किमती वाचायच्या, त्यात एक मिळवायचा आणि मग लिहायच्या, असा त्याचा क्रम असतो. त्यामुळे तिन्ही वेळा तोच जुना आकडा वाचला जातो.

नुकसान किती? ५०० रुपये ५०० जणांत अंदाधुंद वाटले तर साधारण ३७ टक्के लोकांना काहीच मिळत नाही, ३७ टक्क्यांना एक रुपया मिळतो आणि उरलेल्या २६ टक्क्यांना दोन किंवा जास्त. म्हणजे चुकीच्या प्रोग्रॅममध्ये दर घंटेला सुमारे १८४ रुपये गायब होतात. खोलीतले एकूण ५०,००० रुपये शंभर घंटांतच ३२ हजारांच्या खाली येतात. म्हणून दर थोड्या वेळाने रांगेची बेरीज करून पाहायची. ती ५०,००० आली नाही तर पुढचे सुंदर आलेख फुकट. उपाय सोपा आहे: यादीत कोणतं नाव किती वेळा आलं ते आधी मोजायचं आणि ती मोजणी मिळवायची. नम्पायमध्ये त्यासाठी बिनकाउंट आहे. एपीएलच्या डायलॉग या आवृत्तीत एखादं नाव जितक्या वेळा येईल तितक्या वेळा बेरीज आपोआप होते.

गंमत अशी की हरवणारे रुपये म्हणजे नेमके तेच, जे एकाच हातात एकावर एक येऊन पडतात. आणि खोलीतली सगळी विषमता त्यांच्यातूनच उगवते.

हे पडताळायला एपीएलमध्ये एकच चिन्ह पुरतं. तिथे यदृच्छा म्हणजे प्रश्नचिन्ह. ते एका आकड्यापुढे लावलं तर फासा पडतो. दोन आकड्यांच्या मधे लावलं तर पत्ते पिसून वाटले जातात, आलेला पत्ता पुन्हा येत नाही. भिशी लावणाऱ्यांना हा फरक समजावून सांगायला नको. निघालेली चिठ्ठी परत डब्यात टाकत नाहीत, म्हणूनच प्रत्येकाचा नंबर एकदा आणि एकदाच लागतो. आपल्या खोलीत फाशाऐवजी पत्ते वाटले, तर दर घंटेला प्रत्येकजण एक देतो आणि एक घेतो. लाख घंटांनंतरही पाचशेच्या पाचशे जणांकडे बरोब्बर शंभर रुपये राहतात.

फाशाच्या खेळात एकेकाची रक्कम शंभरापासून किती भरकटते, हे घंटांच्या वर्गमुळावर ठरतं. १०० घंटांनंतर साधारण १० रुपये, २,५०० घंटांनंतर ५०. म्हणूनच उतरती रेषा नीट बसायला लाखाच्या घरात घंटा लागतात, आणि म्हणूनच आज्ञांच्या काटकसरीला किंमत आहे. सुरुवातीला प्रत्येकाकडे शंभर असल्याने पहिल्या १०० घंटांत रुपया द्यायच्या वेळी कुणाचाही खिसा रिकामा असूच शकत नाही. तेव्हा शंभर घंटा वेगवेगळ्या वाजवायची गरज काय? ५०,००० चिठ्ठ्या एकदम काढायच्या, मोजायच्या आणि मिळवायच्या. त्यानंतर सगळ्यात कमी रक्कम जेवढी असेल तेवढ्या घंटा पुन्हा एका दमात. कुणी शून्याजवळ आलं की ही सवलत संपते. पुढची घंटा मागच्या घंटेच्या निकालाची वाट पाहू लागते.

घंटा एकत्र करता येत नसल्या तरी खोल्या येतात. हजार खोल्यांचा तक्ता घ्यायचा, हजार ओळी आणि ५०० रकाने, आणि सगळीकडे एकच घंटा वाजवायची. तिसऱ्या खोलीतल्या माणसाचा रुपया सातव्या खोलीत जाऊ नये म्हणून आसनांना सलग क्रमांक द्यायचे, पहिल्या खोलीत ० ते ४९९, दुसरीत ५०० ते ९९९. आज्ञा तेवढ्याच राहतात आणि हजार खोल्यांची सरासरी एकाच वेळी हाती येते.

अर्थव्यवहाराला भौतिकशास्त्राचं गणित लावणाऱ्या या विषयाला ‘इकॉनोफिजिक्स’ हे नाव मिळालं ते कोलकात्यात, १९९५च्या परिषदेत. ते सुचवलं भौतिकशास्त्रज्ञ यूजीन स्टॅन्ली यांनी. त्याच शहरातल्या साहा इन्स्टिट्यूटमधल्या अनिर्बन चक्रवर्ती आणि विकास चक्रवर्ती यांनी २००० साली खेळात बचत आणली. दोघं समोरासमोर येतात, प्रत्येकजण आपल्या पैशाचा ठरावीक हिस्सा बाजूला ठेवतो आणि उरलेला पैसा एकत्र करून दोघांत अंदाधुंद वाटला जातो. एवढ्यानेच चित्र बदलतं. कफल्लकांची गर्दी ओसरते आणि वाटणीच्या आलेखाला मध्यभागी उंचवटा येतो.

हा खेळ ॲरेत मांडताना मघाशी निरुपयोगी ठरलेले पत्ते कामाला येतात, कारण एक माणूस एका वेळी दोन व्यवहारांत असू शकत नाही. ५०० आसनं पिसायची, रांग मधोमध मोडून २५०-२५०च्या दोन ओळी एकाखाली एक ठेवायच्या आणि वरच्याची खालच्याशी जोडी लावायची. नाव दोनदा येतच नाही. त्यामुळे बेरीज थेट लिहिली तरी एक रुपयाही गळत नाही.