पडवी म्हणजे छोटा हॉल नव्हे

कोकणात निवृत्तीनंतरचं घर बांधणाऱ्यांच्या नकाशात हल्ली पडवी हमखास असते. बहुतेकदा झोपाळाही असतो. घर उभं राहिलं की वर्षभरात तिथे चपलांचा रॅक, स्कूटर आणि वाळत घातलेले कपडे एवढंच उरतं. बसायला कोणी येत नाही, कारण तिथे बसवत नाही. खापर फुटतं खुर्च्यांवर. चूक मात्र नकाशातच झालेली असते.

‘छप्पर पुढे काढलं की ऊन लागत नाही’ हा सर्वांत पक्का समज. दक्षिणेच्या बाजूला तो बऱ्यापैकी खराही आहे. उन्हाळ्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दोन-तीन फुटांचा पाखाही पुरतो. डिसेंबरात सूर्य खाली उतरतो आणि ऊन आत येतं, पण तेव्हा ते हवंच असतं. पश्चिमेचं गणित निराळं. एप्रिलच्या मध्याला संध्याकाळी ५ वाजता आपल्याकडे सूर्य क्षितिजापासून जेमतेम २६-२७ अंशांवर, थेट पश्चिमेला असतो. त्या वेळी ७ फूट उंचीची उघडी बाजू पूर्ण सावलीत ठेवायची, तर छप्पर सुमारे १४ फूट पुढे काढावं लागेल. एवढं कोण काढणार? पश्चिमेला आडोसा उभाच लागतो: विटांची जाळी, चिकाचे पडदे किंवा तारेवर चढवलेली दाट वेल. समुद्र दिसतो म्हणून पडवी पश्चिमेला काढायची असेल तर जरूर काढा, फक्त त्या आडोशाचा खर्च आधीच धरा.

पावसाचंही तसंच. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो सरळ पडत नाही. नैर्ऋत्येचा वारा त्याची झड करून आत आणतो. इथे एक चुकीची समजूत फार महागात पडते. जुन्या घरांची पडवी बुटकी असायची ती ऐपत नसल्यामुळे, असं नव्या मालकाला वाटतं आणि तो स्लॅब १० फुटांवर नेतो. ४५ अंशांत येणारी झड १० फूट उंच कडेखालून १० फूट आत पोचते. कड साडेसहा फुटांवर असेल, तर साडेसहा फूटच. मागे भिंतीशी उंच आणि पुढे खाली उतरत येणारं कौलारू छप्पर ही त्या पावसावर जागच्या जागी केलेली मात आहे. तरीही आषाढात झड यायचीच, म्हणून पावसाआधी पडवीला नारळाच्या झावळांची झापं बांधत. आता ताडपत्री बांधतात. दिसायला ती ओंगळ, पण काम करते.

‘पारदर्शक पत्रा घातला की उजेडही मिळतो आणि सावलीही’ हे विक्रेत्याचं वाक्य. उजेडासोबत उन्हाचा ताप आत येतो, तो आलाच. दुपारी त्या पत्र्याखाली बसून पाहा म्हणजे झालं.

आता आकार. लांबी जास्त म्हणजे पडवी ऐसपैस, असं वाटतं. बसण्याची सोय मात्र खोलीवर ठरते. ४ फूट खोल पडवी कितीही लांब असली, तरी तो बोळच: खुर्ची टाकली की मागून जाणाऱ्याने अंग चोरायचं. ७-८ फूट खोली असेल तर चौघं समोरासमोर बसतात आणि वाटही मोकळी राहते. झोपाळ्याला पुढे-मागे मिळून आणखी जागा सोडावी लागते. त्याचे हूक तुळईतच हवेत.

आणि स्वागत? त्यासाठी महागडा सोफा लागतो, असं मानणाऱ्यांनी गोव्यातल्या जुन्या घरांचे बाल्कांव पाहावेत. पायऱ्या चढल्या की दोन्ही हातांना समोरासमोर बांधीव बाकं. घरात न शिरता, कोणी ‘बसा’ म्हणण्याची वाट न पाहता माणूस टेकतो. तसा कट्टा आपणही बांधू शकतो: उंची १६ ते १८ इंच, म्हणजे गुडघे धरलेल्या आजींनाही उठता येतं. तो फाटकातून दिसला पाहिजे. पुरुषभर उंचीच्या कंपाउंड वॉलमागे कट्टा असून नसल्यासारखा. ग्रिल आणि सरकत्या काचा लावून पडवी ‘सुरक्षित’ केली, की घरात एक खोली वाढते आणि पडवी जाते. हा सौदा कुणाला पटत असेल तर हरकत नाही, फक्त त्याला पडवी म्हणू नये.

फरशी चकचकीत म्हणजे घर श्रीमंत, या समजापायी पावसाळ्यात माणसं घसरून पडतात. बाहेर खडबडीत कोटा किंवा शहाबादच बरा. पडवीची पातळी आतल्या घरापेक्षा इंचभर खाली, आणि फरशीला अंगणाकडे थोडा उतार.

जोतं उंच असेल तर रॅम्पचाही विचार आत्ताच करा. ‘पुढे लागलाच तर काढू’ म्हणणाऱ्यांना जागेचा अंदाज नसतो. चाकाच्या खुर्चीसाठी १ फूट चढाला १२ फूट लांबी लागते. दीड फुटाच्या जोत्याला १८ फूट, आणि एवढी जागा अंगणात नंतर सहसा उरलेली नसते.