व्हॅक्यूम काही ओढत नाही

साखर कारखाना असो, औषधांची फॅक्टरी असो की प्लॅस्टिकचे ट्रे बनवणारी एमआयडीसीतली एखादी शेड, व्हॅक्यूम कमी पडला की पहिली सूचना ठरलेली: ‘मोठा पंप लावा. दहाच्या जागी पंधरा एचपी टाका, खेचेल.’ हे ‘खेचेल’च सगळ्या घोळाचं मूळ आहे. पंप खेचत नाही. हवेचे रेणू एकमेकांचा हात धरून चालत नाहीत, त्यामुळे पुढच्याला ओढलं की मागचा येईल, असं काही होत नाही. पंप त्याच्या तोंडाशी आपणहून आलेली हवा बाहेर टाकतो, एवढंच. तिथला दाब उतरतो आणि पलीकडची जास्त दाबाची हवा तिकडे घुसते. राबते ती बाहेरची हवा, नाव मात्र पंपाचं होतं.

फरक पुस्तकी वाटेल, पण त्याची किंमत शेतकरी वर्षानुवर्षं मोजत आला आहे. विहिरीच्या काठावरचा मोनोब्लॉक पंप पाणी सहा-सात मीटर खाली गेलं की पाणी सोडतो. मग पाचची मोटार साडेसातची होते आणि तरीही पाणी चढत नाही. चढणार कसं? पाणी पाइपात वर ढकलते ती विहिरीतल्या पाण्यावर दाब देणारी हवा, आणि तिची ताकद समुद्रसपाटीलाही १०.३ मीटर उंचीच्या पाण्याएवढीच. त्यातले तीन-चार मीटर फूटव्हॉल्व्ह, पाइपातलं घर्षण आणि पंपाची स्वतःची गरज खाऊन टाकतात. म्हणून उन्हाळ्यात पंप विहिरीत खाली उतरवावा लागतो. बोअरमध्ये तर सबमर्सिबल थेट पाण्यातच सोडतात. तिथून तो पाणी वर लोटतो, आणि लोटायला दहा मीटरची अट नाही.

या गैरसमजात भली भली माणसं सापडली आहेत. सक्शन पंप अठरा हातांपलीकडे (म्हणजे साधारण साडेदहा मीटरपलीकडे) पाणी चढवत नाही, हे गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात नोंदवलं. पण कारण देताना तोही फसला: लांब दोर स्वतःच्या वजनाने तुटावा तसा पाण्याचा स्तंभ तुटतो, असं त्याला वाटलं. म्हणजे पाणी वरून ओढलं जातंय, हे त्यानेही गृहीतच धरलं होतं. त्याचा शिष्य तोरिचेल्ली याने १६४३-४४ च्या सुमारास पाण्याऐवजी पारा घेतला. पारा ७६० मिलिमीटरवर थांबला आणि ढकलणारी हवा पकडली गेली. पुढे १६५७ मध्ये जर्मनीतल्या माग्देबुर्गला ओट्टो फॉन गेरिकेने सोळा घोडे लावून तांब्याचे दोन पोकळ अर्धगोल ओढायला लावले. अर्ध्या मीटर व्यासाच्या त्या गोळ्यावर हवेचं बळ होतं सुमारे दोन टनांचं. (दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे हा निव्वळ देखावा. एक बाजू भिंतीला बांधली असती तरी आठ घोड्यांत तोच परिणाम साधला असता.)

ढकलणारी हवा जागेजागी सारखी नसते, आणि इथे दुसरी भांडणं सुरू होतात. मुंबईत ७०० मिलिमीटर दाखवणारा पंप पुण्याला नेला, काटा ६५० वर आला, लगेच ‘पंप गेला’ म्हणून तक्रार. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे. तिथे हवेचाच दाब ७१० मिलिमीटरच्या आसपास आहे. पंपाने मुंबईतही ६० मिलिमीटर दाब शिल्लक ठेवला होता आणि पुण्यातही तेवढाच ठेवला. महाबळेश्वरला तर जगातला सर्वोत्तम पंप लावला तरी साधं गेज ६५० च्या पुढे जाणार नाही. हे गेज बाहेरच्या हवेशी तुलना करतं, त्यामुळे तुलना करायची तर शिल्लक दाबाची, म्हणजे ॲबसोल्यूटची करावी.

आता कारखान्यात जाऊ. गुऱ्हाळाच्या काहिलीत रस शंभर अंशांच्या वर उकळतो आणि रंग धरतो. साखर पांढरी हवी म्हणून कारखान्यातल्या पॅनमध्ये २५-२६ इंच व्हॅक्यूम ठेवून पाक साठ-पासष्ट अंशांवरच उकळतात. हा व्हॅक्यूम कोण करतं, असं विचारलं तर बहुतेक जण खालच्या पंपाकडे बोट दाखवतील. खरं काम चालतं वर, कंडेन्सरमध्ये. पॅनमधल्या त्या दाबाला एक किलो वाफ सुमारे दहा घनमीटर जागा व्यापते. थंड पाण्याच्या फवाऱ्यात तिचं पाणी झालं की उरतं एक लिटर. दहा हजार लिटरची जागा रिकामी झाली, ती मोटारीशिवाय. कंडेन्सरखालचा पाइप दहा मीटरहून लांब ठेवतात तोही विहिरीच्याच हिशेबाने, म्हणजे बाहेरची हवा टाकीतलं पाणी परत वर चढवू शकत नाही. पंपाकडे उरते फक्त थंड होऊनही पाणी न होणारी हवा बाहेर काढण्याची जबाबदारी. अनेक कारखान्यांत मल्टिजेट कंडेन्सर असतात, तिथे तेही काम पाण्याचे जेटच करतात आणि वेगळा व्हॅक्यूम पंप नसतोच.

म्हणून हंगामाच्या शेवटी, मार्च-एप्रिलमध्ये, पॅनमन ‘व्हॅक्यूम धरत नाही’ म्हणू लागला की आधी कंडेन्सरला येणाऱ्या स्प्रे पाँडच्या पाण्याचं तापमान बघावं. वॉटर रिंग पंपाचीही तीच कथा. त्यात फिरणारं पाणी स्वतःच वाफ सोडतं: १५ अंशांना १३ मिलिमीटर, ४० अंशांना ५५ मिलिमीटर. त्याखाली पंप जाऊच शकत नाही, मग मोटार पंधराची असो की पन्नासची.

तरी मोठा पंप लावला की काटा थोडा सरकतो हे खरं आहे, आणि म्हणूनच हा समज मरत नाही. गळती तेवढीच राहिली आणि पंपाची हवा काढायची क्षमता दुप्पट झाली, तर शिल्लक दाब उतरतो. पण ती गळती म्हणजे एखादं सुकलेलं ग्लँड पॅकिंग किंवा फ्लँजचा फाटका गास्केट असतो. उदबत्ती पेटवून सांध्यांवरून फिरवली की धूर जिथे आत वळतो तिथे भोक. हे न करता वीजबिल वाढवणं म्हणजे कमाल आहे.

एचपीच्या भक्तांनी हिंगोली जिल्ह्यात उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेकडेही बघावं. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या असतील आणि आतला दाब वातावरणाच्या एक लक्ष कोटीव्या भागाइतका. अमेरिकेतल्या लायगोच्या नळ्या इतक्या रिकाम्या करायला ४० दिवस लागले होते, आणि तो व्हॅक्यूम टिकवतात आयन पंप, ज्यांत एकही भाग फिरत नाही.

बाकीचे समज झटपट. व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड बंद झालं की आवाज चढतो तो मोटारीवर भार वाढला म्हणून नाही, तर हवाच नसल्याने भार उतरतो आणि ती जोरात फिरते. सेंट्रिफ्यूगल ब्लोअरचा डॅम्पर बंद केला की अँपिअर घटतात, पण सांडपाण्याच्या प्लँटवरच्या ट्विन लोब ब्लोअरचा डिस्चार्ज कधीही बंद करू नये, कारण तो हवा ढकलतच राहतो आणि दाब बेसुमार चढतो. ‘०.५ किलोचा ब्लोअर’ टाकीत ०.५ किलो दाब घालत नाही. चार मीटर पाणी असेल तर पाण्यामुळेच ०.४ पडतो आणि वरचा पाइपांमुळे. आणि व्हॅक्यूम पॅकमध्ये जंतू मरत नाहीत. बोट्युलिझमच्या जंतूला तर प्राणवायू नसलेलीच जागा लागते.

तेव्हा नव्या पंपाचं कोटेशन मागवण्याआधी वॉटर रिंग पंपाच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह क्षणभर बंद करून गेज बघा. पंप एकटा असताना काटा जागेवर येत असेल, तर दोष पंपात नाही, त्याच्या पुढच्या पाइपांत, सांध्यांत नाहीतर कंडेन्सरच्या पाण्याच्या तापमानात आहे.